बोरगावचा मनोरा

२०२३ सालच्या दिवाळीनंतरची गोष्ट. बोरगावाहून आमच्या थोरल्या बहिणीचा फोन आला आणि क्षेमकुशलाची प्रस्तावना न करता तिने एकदम मुद्द्यालाच हात घातला. "तू सायन्सचा मास्तर व्हय ना? मंग एक अर्ज लिहून दे मले. बाजूच्या गच्चीवरचं ते टावर काढाचं हाये."

शाळेतून निवृत्त होऊन आम्हांस बरीच वर्षे लोटली आहेत. परंतु बहिणीच्या लेखी आम्ही अजून मास्तरच आहोत, आणि मास्तर म्हटल्यावर त्याला सगळे ठाऊक असलेच पाहिजे. खरे सांगावयाचे तर तिच्या ह्या समजुतीने आम्ही मनातून सुखावलोही होतो. दुसऱ्याच दिवशी नागपुराहून एस.टी. पकडली.

नागपूर-छिंदवाडा रस्त्याने महाराष्ट्राची हद्द ओलांडली की सौंसरच्या अलीकडे बोरगाव लागते. १९५६ साली राज्यांची फेरमांडणी झाली तेव्हा शेजारचा नागपूर जिल्हा मुंबई राज्यात गेला आणि सौंसर मध्य प्रदेशात राहिले; परंतु घराघरांतील बोली काही सरकारी नकाशा पाहून बदलली नाही. आता पांढुर्णा आणि सौंसर ह्या तालुक्यांचा मिळून ऑक्टोबर २०२३ मध्ये वेगळा जिल्हाही झाला आहे. एका अंगाला संत्र्यांच्या बागा आणि कपाशी, दुसऱ्या अंगाला औद्योगिक वसाहत आणि रेमंडची मोठी कापडगिरणी, असे हे दुपेडी गाव. आमचा भाचा ह्याच वसाहतीत एका लहानशा कारखान्यात पाळीने कामाला जातो. २०१९ साली त्याचे लग्न झाले. घरात अद्याप मूल नाही.

मनोऱ्याचे प्रकरण ह्या शेवटच्या वाक्याशी निगडित होते, हे आम्हांस पोहोचल्यावर कळले. बहिणीने सांगितलेली हकीकत अशी: मनोरा शेजाऱ्याच्या गच्चीवर चार वर्षांपूर्वी बसला, मुलाचे लग्न झाले तेही त्याच सुमारास, त्यातून निघणारी किरणे पुरुषाच्या अंगातील 'हार्मोन' खाऊन टाकतात, हे तिला पक्के कळले होते. (मनोरा आधी आमच्या मेहुण्यांच्याच गच्चीवर यावयाचा होता, परंतु कंपनीच्या माणसाने स्लॅब ठोकून पाहिला आणि मान हलविली. दरमहाचे भाडे तेव्हापासून शेजाऱ्याच्या घरी जाते. ह्या गोष्टीचा अर्जाशी काही संबंध नाही, असे बहिणीने आम्हांस दोनदा बजावले.)

आम्ही अर्ज लिहिला. घरातील बोलणे मराठीत असले तरी सरकारदरबारी हिंदीच चालते, म्हणून हिंदीत लिहिला, नव्या जिल्ह्याच्या कलेक्टरांच्या नावे. त्यात 'वैज्ञानिक संशोधनाने सिद्ध झाले आहे की' हे शब्द आम्ही तीन ठिकाणी घातले. २०१७ मध्ये ग्वाल्हेरच्या एका गृहस्थाच्या अर्जावरून सर्वोच्च न्यायालयाने एक मनोरा बंद करावयास लावला होता, त्याचाही उल्लेख केला. ती तक्रार कर्करोगाची होती, हे मात्र लिहिले नाही. संध्याकाळपर्यंत त्रेचाळीस सह्या झाल्या. अक्षर आमचे चांगले आहे. अर्ज फार देखणा दिसत होता.

रात्री जेवणे झाल्यावर भाचा आमच्याबरोबर बागेपर्यंत फिरावयास आला. संत्री रंगावर आली होती. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "मामाजी, तुमाले एक सांगाचं हाये. आईले नोका सांगू. मी आठ महिन्यांपासून सुया घेऊन राह्यलो."

कसल्या सुया, असे आम्ही विचारले.

"हार्मोनच्या. टावरनं हार्मोन कमी होते तं बाहेरून भरून काढाचं, असं सांगतलं त्यानं. दर पंधरा दिवसाले एक." आणि मग थोडे थांबून, आमच्याकडे न पाहता, "तुमीच तं पाठवलं होतं ना जी ते, ग्रुपवर."

वाचकहो, त्या क्षणी पायाखालची जमीन सरकणे म्हणजे काय, ते आम्हांस कळले. २०२२ साली कोणाकडून तरी आलेला एक मजकूर आम्ही घरच्या व्हॉट्सॲप गटावर पुढे ढकलला होता. मोबाइलच्या लहरींनी पुरुषांतील टेस्टोस्टेरॉन घटते, अशा आशयाचा तो होता. नुसता पाठविला असता तर एक वेळ चालले असते, आम्ही त्याखाली आपल्या पदरचे एक वाक्य जोडले होते, "हे विज्ञानाने सिद्ध झालेले आहे. तरुण मंडळींनी अवश्य वाचावे." मूळ संशोधन आम्ही पाहिलेही नव्हते. गटातील इतरांनी नमस्काराची चित्रे पाठविली आणि ते विसरले. एकाने मात्र मामाचे म्हणणे खरे मानले होते.

त्या 'सुई'वाल्याचे नाव-गाव येथे देण्याचे कारण नाही. तो डॉक्टर होता की नव्हता, हे भाच्यालाही नीट ठाऊक नव्हते. रक्त तपासले होते काय? नाही. वीर्य तपासले होते काय? तेही नाही. कुपीवरील नाव भाच्याने मोबाइलमध्ये टिपून ठेवले होते, तेवढे आम्हांस दाखविले. ते टेस्टोस्टेरॉनच होते.

कुटुंबात उघडपणे वाचल्या जाणाऱ्या पानावर अशा गोष्टी लिहाव्या किंवा नाही, असा विचार आमच्याही मनात आला. परंतु ज्या विषयावर घरात कोणी बोलत नाही त्याच विषयावर बाहेरचा कोणीतरी सुई घेऊन बसलेला असतो, हे पाहिल्यावर आम्ही संकोच बाजूस ठेविला आहे.

नागपुरास परतल्यावर आम्ही प्रथमच ते काम केले जे मजकूर पुढे पाठविण्यापूर्वी करावयास हवे होते. ह्या विषयावर प्रत्यक्ष काय लिहिलेले आहे, ते शोधून वाचू लागलो. ओळखीच्या एका प्राध्यापकांनी मदत केली. जे आढळले ते असे.

आम्ही पाठविलेला मजकूर निखालस खोटा नव्हता. हीच त्यातील मोठी गोम. रियाधच्या राजे सौद विद्यापीठातील संशोधकांनी २०१० साली पांढऱ्या उंदरांजवळ मोबाइल ठेवून तीन महिने प्रयोग केला. रोज तासभर लहरी लागलेल्या उंदरांच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन स्पष्टपणे घटलेले आढळले. अर्धाच तास लागलेल्यांत तितके नाही. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील केसरी आणि बेहारी ह्यांनीही उंदरांत अशीच घट पाहिली आणि २०१२ साली प्रसिद्ध केली. हे काम प्रामाणिक आहे. परंतु उंदराचे अवघे शरीर मुठीत मावण्याएवढे. पिंजऱ्याजवळ ठेवलेल्या फोनची लहर त्याच्या अंगात सर्वत्र पोहोचते. माणसाचे तसे नाही.

मग माणसांत काय आढळते? येथे मोठी मौज आहे. कैरोच्या राष्ट्रीय संशोधन केंद्रातून २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सहा वर्षांच्या अवधीत मोबाइल वापरणाऱ्यांचे व मनोऱ्याजवळ राहणाऱ्यांचे हॉर्मोन घटल्याचे म्हटले आहे. ऑस्ट्रियात ग्राट्स येथे वंध्यत्वाच्या तपासणीसाठी आलेल्या २,११० पुरुषांच्या नोंदी पाहिल्या, त्याचा निष्कर्ष २०११ साली आला: मोबाइल वापरणाऱ्यांत टेस्टोस्टेरॉन अधिक! आणि फ्रान्समध्ये वीस निरोगी पुरुषांना चार आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, रोज दोन तास मोबाइलच्या लहरी देऊन त्यांच्या हॉर्मोनांचा दिवसभराचा चढउतार मोजला, तो २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात टेस्टोस्टेरॉनमध्ये काहीच फरक पडला नाही. एकात खाली, एकात वर, एकात जागच्या जागी. वर्गात तीन मुलांनी एकाच गणिताची अशी तीन उत्तरे आणली असती, तर आम्ही ते 'सिद्ध झाले' असे फळ्यावर खचितच लिहिले नसते.

आमच्या परिसराला अधिक जवळचा असा एक अभ्यास अमेरिकेतला आहे. प्लॅस्टिकचे सांधे रेडिओलहरींनी तापवून जोडण्याची यंत्रे कारखान्यांत असतात. ती चालविणाऱ्या माणसाला मनोऱ्याखाली राहणाऱ्यापेक्षा कितीतरी अधिक लहरी लागतात. तिकडच्या सरकारी संस्थेने २००० साली असे बारा कामगार आणि लहरींपासून दूर असलेले चौतीस पुरुष ह्यांची तुलना केली. वीर्याच्या गुणांत किरकोळ फरक दिसले. हॉर्मोनांपैकी एफएसएच तेवढा कामगारांत थोडा अधिक होता, सरासरीने ७.६ विरुद्ध ५.८. बारा माणसे म्हणजे फारच थोडी. परंतु 'अधिक' हा शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

स्वित्झर्लंडचा एक मोठा अभ्यास तर नेमका आमच्या अर्जाच्याच महिन्यात वर्तमानपत्रांतून झळकला. सैन्यभरतीच्या वेळी अठरा ते बावीस वर्षांच्या २,८८६ तरुणांची २००५ ते २०१८ ह्या काळात तपासणी झाली. दिवसातून वीसहून अधिक वेळा फोन वापरणाऱ्यांत दर मिलिलिटरला चार कोटी पंचेचाळीस लक्ष पुरुषबीजे, आणि आठवड्यातून एकदाच किंवा त्याहूनही कमी वापरणाऱ्यांत पाच कोटी पासष्ट लक्ष. फरक खरा आहे. परंतु जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली ठरविलेली खालची रेषा एक कोटी साठ लक्षांची आहे. दोन्ही गट तिच्या कितीतरी वर आहेत. फोन विजारीच्या खिशात ठेवणारा आणि न ठेवणारा ह्यांत फरक आढळला नाही. आणि जुन्या, अधिक जोराने लहरी सोडणाऱ्या फोनांच्या काळात दिसलेला हा संबंध पुढील वर्षांत क्षीण होत गेला. जागतिक आरोग्य संघटनेने करविलेले सर्व संशोधनाचे परीक्षण २०२४ साली आले, तेही माणसांविषयीचा पुरावा फार दुर्बळ आहे एवढेच म्हणते. धोका नाही असे ते म्हणत नाही. आहे असेही म्हणत नाही.

आणखी एका शब्दाने घोटाळा केला आहे. 'किरणोत्सर्ग' हा शब्द आपण हिरोशिमासाठीही वापरतो आणि मोबाइलसाठीही. पहिल्या प्रकारची किरणे शरीरातील रेणू फोडतात. रेडिओलहरींच्या अंगी तेवढे बळ नसते. त्यांचा निर्विवाद परिणाम एकच, तापविणे. वृषण शरीराच्या उष्णतेपेक्षा दोन-चार अंशांनी थंड राहावे लागतात म्हणूनच निसर्गाने ते बाहेर ठेविले आहेत, आणि म्हणूनच भट्टीसमोर काम करणाऱ्याविषयी डॉक्टर चौकशी करतात. मनोऱ्याच्या लहरींनी मात्र खालच्या घरातील माणूस मोजता येईल इतकाही तापत नाही. मनोऱ्याचा झोत दीपस्तंभासारखा आडवा, दूरवर जातो. भारत सरकारने १ सप्टेंबर २०१२ पासून ह्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक-दशांशावर आणली. ९०० मेगाहर्ट्झच्या लहरींना चौरस मीटरमागे ०.४५ वॉट. ह्याउलट हातातील फोन अंगाला चिकटलेला असतो, आणि मनोरा दूर असला की अधिक जोर लावून ओरडतो. बागेत रेंज नसल्याने बहिणीचा फोन गरम होतो तो त्यामुळेच. मनोरा पाडून ती लहर कमी होणार नव्हती, वाढलीच असती.

मुंबईच्या आयआयटीतील प्राध्यापक गिरीश कुमार ह्यांनी २०१० साली मनोऱ्यांच्या धोक्याविषयी सविस्तर अहवाल दिला होता, आणि मर्यादा कडक व्हाव्या म्हणून ज्यांनी आवाज उठविला त्यांत ते अग्रभागी होते. त्यांच्या सर्व मतांशी सगळे शास्त्रज्ञ सहमत नाहीत. तथापि शंका घेणे हा त्यांचा अपराध नव्हे. शंकेला 'सिद्ध' म्हणणे, हा आमचा होता.

डिसेंबरात भाच्याला नागपुरास बोलावून घेतले. बरोबर सूनबाईही आली. आम्ही तिला 'तू कशाला त्रास घेतलास' असे म्हणालो, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "मामाजी, माझ्या तीन तपासण्या झाल्या. यांची एकही नाही. ही पहिली हाये, म्हणून आली." तिच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी होती. चार वर्षांत तिचे रक्त, सोनोग्राफी, नळ्यांची क्ष-किरण तपासणी, सगळे झाले होते आणि सगळे ठीक निघाले होते. क्ष-किरण हे खरोखर रेणू फोडणाऱ्या जातीचे. त्यांचे प्रमाण अल्प असते, डॉक्टर ते गरजेपुरतेच वापरतात, त्यात वावगे काही नाही. परंतु मनोऱ्याच्या किरणांना भिऊन त्रेचाळीस सह्या गोळा करणाऱ्या गल्लीत हिच्या पोटावर पडलेल्या किरणांची कोणी विचारपूसही केली नव्हती. मनोऱ्यावर ठपका ठेवताना आमची बहीण नकळत प्रथमच हे कबूल करीत होती की उणीव पुरुषाच्या बाजूस असू शकते. मात्र ती त्याच्या अंगात नव्हे, शेजाऱ्याच्या गच्चीवर!

डॉक्टर मध्यम वयाचे, मितभाषी होते. कामाच्या जागी भट्टी आहे काय, लहानपणी गालगुंड झाले होते काय, खर्रा किती लागतो, असे प्रश्न त्यांनी विचारले. खर्ऱ्याचे उत्तर भाच्याने बायकोकडे पाहत दिले आणि तिने ते दुरुस्त केले. फोन कोठे ठेवता, हा प्रश्न शेवटी आला. मग सुयांचा उल्लेख झाला, तशी डॉक्टरांनी लेखणी खाली ठेवली.

दोन दिवसांनी अहवाल आले. वीर्यात पुरुषबीज एकही नव्हते. टेस्टोस्टेरॉन भरपूर. आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीचे दोन हॉर्मोन, एलएच आणि एफएसएच, जवळजवळ शून्य.

डॉक्टरांनी त्या दोन शून्यांवर बोट ठेवून जे समजावले ते आम्ही आमच्या शब्दांत सांगतो. संत्र्याच्या बागेत विहिरीवर मोटर असते. तिच्या नळीचे पाणी बागेत फिरून उरलेले टाकीत पडते, आणि टाकीत एक तरंगता गोळा असतो. टाकी भरली की गोळा वर येतो आणि मोटर बंद होते. उतरली की पुन्हा सुरू. शरीरातही असेच आहे. पीयूषिकेचा एलएच वृषणांना हुकूम देतो, वृषण टेस्टोस्टेरॉन तयार करतात. ते जागच्या जागी, रक्तातल्यापेक्षा कितीतरी दाट असते, आणि त्या दाट ओलीवरच पुरुषबीजे वाढतात. उरलेले रक्तात उतरते. रक्तात पुरेसे झाले की मेंदू हुकूम थांबवितो. आता कोणी शहाण्याने टँकर आणून टाकी काठोकाठ भरली, तर काय होईल? गोळा वर येईल, मोटर थांबेल, टाकी तुडुंब दिसेल आणि बाग वाळेल. ती सुई म्हणजे टँकर होता.

आणि मनोऱ्याने किंवा उष्णतेने किंवा दुसऱ्या कशाने वृषणच बिघडले असते तर? तर टाकी रिकामी राहिली असती, मेंदूने हुकूमावर हुकूम सोडले असते, आणि हे दोन आकडे शून्याकडे न जाता वर चढले असते. अमेरिकेतील त्या बारा कामगारांचा एफएसएच किंचित 'अधिक' होता, त्याचे महत्त्व हेच. शून्याची वाट वेगळी. ती बाहेरून भरलेल्या टाकीकडे जाते.

ही गोष्ट वैद्यकशास्त्राला नवी नाही. जागतिक आरोग्य संघटनेने टेस्टोस्टेरॉनच्या सुया संततिप्रतिबंधासाठी मुद्दाम वापरून पाहिल्या होत्या. सात देशांतील दहा केंद्रांत २७१ निरोगी पुरुषांना दर आठवड्याला दोनशे मिलिग्रॅमची सुई दिली. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात सहा महिन्यांच्या आत १५७ जणांचे पुरुषबीज पूर्ण नाहीसे झाल्याची नोंद आहे. त्यानंतर वर्षभर दुसरे कोणतेही साधन न वापरता त्यांच्यात एकच गर्भधारणा झाली. मूल व्हावे म्हणून आमच्या भाच्याने पैसे मोजून जे औषध टोचून घेतले, ते मूल होऊ नये म्हणून जगाने तपासून पाहिलेले औषध होते. ज्यांच्या शरीरात ते मुळीच तयार होत नाही त्यांना डॉक्टर ते देतात, आणि तेथे ते उपकारकच असते. परंतु ते मोजून द्यावयाचे औषध आहे, ताकदीचा काढा नव्हे.

"सुया बंद करा आणि वाट पाहा," डॉक्टर म्हणाले. "बहुतेकांचे परत येते. सहा महिने, वर्ष. कधी दोन वर्षेही." बीज तयार होऊन पक्व होण्यास सुमारे अडीच महिने लागतात, म्हणून दर तीन महिन्यांनी यावयास सांगितले. खर्रा सोडावयास सांगितला. भाच्याने मग तो प्रश्न विचारला जो आमच्याही ओठांवर होता, सुयांच्या आधी काय होते? डॉक्टरांनी हात पसरले. आधीचा एकही कागद नव्हता. एक साधी तपासणी, सौंसरला किंवा नागपुरास, २०२० साली झाली असती तर कळले असते. आता ते कोणालाच कधी कळावयाचे नाही.

बाहेर येऊन आम्ही तिघे रसवंतीच्या बाकावर बसलो. आम्ही भाच्याची क्षमा मागितली. त्याला ते अवघड झाले. वडीलधाऱ्याने क्षमा मागावी ही रीत आमच्याकडे नाही. "जाऊ द्या जी मामाजी," एवढेच म्हणून तो ग्लासातील बर्फ हलवीत राहिला. सूनबाई मात्र काही बोलली नाही, आणि तिने बोलावे अशी अपेक्षा करण्याचा अधिकार आम्हांस नव्हता. त्याच संध्याकाळी आम्ही घरच्या गटावर लिहिले की २०२२ साली आम्ही पाठविलेला मजकूर न तपासता पाठविला होता आणि त्याखालील आमचे वाक्य चुकीचे होते. ह्यावेळी कोणी नमस्काराचे चित्र पाठविले नाही.

अर्जाचे काय झाले, ते सांगावयाचे राहिले. आम्ही बहिणीस तो न देण्याविषयी विनविले. ती रागावली. "सह्या झाल्या, आता मांगं घेतला तं लोक काय म्हणतीन?" तेव्हा आम्ही तोड सुचविली की मनोरा पाडण्याऐवजी त्याच्या लहरी मोजून घ्याव्या, दूरसंचार खात्याने २०१७ साली 'तरंग संचार' नावाची सोय केली आहे, फी भरली की माणसे येऊन मोजतात. फी काही हजारांची आहे असे कळताच त्रेचाळीस जण एकेक करून पांगले. वर्गणीचा विषय निघताच मनोऱ्याची भीती इतकी ओसरावी, हे पाहून आम्हांस हसू आले. परंतु मोजमाप झाले असते तर बरे झाले असते, असे आम्हांस अजूनही वाटते. अर्ज बहिणीच्या पेटीत आहे.

भाचा दर तीन महिन्यांनी आला. मार्च २०२४ मध्ये काहीच नव्हते. त्या दिवशी तो परतीच्या बसमध्ये बसेपर्यंत एक शब्द बोलला नाही. जूनमध्ये एलएच आणि एफएसएच जागे झाले होते, आणि सूक्ष्मदर्शकाखाली तुरळक बीजे दिसली. डिसेंबरात दर मिलिलिटरला नव्वद लक्ष. रेषेच्या खालीच, परंतु डॉक्टर प्रथमच हसले. बहिणीला ह्यातले काही सांगू नये, असा भाच्याचा हट्ट होता. तो सूनबाईनेच मोडला. संध्याकाळी तुळशीपाशी दिवा लावताना तिने सासूला सगळे सांगितले, असे आम्हांस मागाहून कळले. बहीण दोन दिवस कोणाशी बोलली नाही, आणि तिसऱ्या दिवशी तिने सुनेसाठी नव्हे, मुलासाठी बदामाची पुडी मागविली.

२०२५च्या संक्रांतीला आम्ही बोरगावास गेलो होतो. मनोरा जागच्या जागी होता, आणि त्यावर एक तुटका पतंग अडकला होता. भाच्याने डिसेंबरचा अहवाल आम्हांस पुन्हा दाखविला, जणू आम्ही तो पाहिलाच नव्हता. मग सूनबाईने तो कागद त्याच्या हातून घेतला, नीट घडी केली, आणि आतून आपली ती प्लॅस्टिकची पिशवी आणून तिच्यात ठेवला. तिच्या तीन कागदांशेजारी त्याचा तो चौथा होता.